न आलेल्या रोगासाठी झाड निवडताना

डिसेंबर २०२४मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कोकोचा भाव टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला. दोन वर्षांपूर्वी तो अडीच हजारांच्या आसपास होता. या उसळीची कारणे सांगताना अवेळी पाऊस, म्हाताऱ्या बागा, सटोडिये, बेकायदा सोन्याच्या खाणी अशी बरीच नावे घेतली गेली, आणि त्या प्रत्येकात तथ्य होते. पण घानाचे उत्पादन २०२०-२१मधल्या दहा लाख टनांवरून तीन वर्षांत निम्म्याच्या आसपास येते, तेव्हा झाडे आजारी आहेत ही गोष्टही तितक्याच ठळकपणे सांगायला हवी. जगाचा निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोनच देश पिकवतात. तिथे एक विषाणू बागाच्या बागा वाळवत चालला आहे आणि पावसाळ्यात फळे झाडावरच कुजत आहेत. रोग आणि किडींमुळे जगभरात दरसाल हातचे जाणारे कोकोचे पीक ३० ते ४० टक्के धरले जाते. गेल्या तीस वर्षांत या झाडाच्या जनुकांवर भरपूर काम झाले आहे: नकाशे तयार झाले, संपूर्ण जीनोम वाचून झाला, पानांतले जनुक कापून पाहिले गेले. या कामाचा बागायतदाराला नक्की उपयोग काय, याचे उत्तर मात्र बहुतेक वेळा चुकीच्या जागी शोधले जाते. प्रयोगशाळेतून एखादे रोगमुक्त झाड बाहेर पडेल आणि प्रश्न मिटेल, अशी आशा बातम्यांतून दाखवली जाते. तसे झाड मिळणार नाही, असे हातातला पुरावा सांगतो. पण त्याच पुराव्यातून दुसरी गोष्ट दिसते, आणि ती मला अधिक मोलाची वाटते. आजवर कोकोच्या बाबतीत माणूस नेहमी रोगाच्या मागून पोचला. रोग बागेत शिरण्याआधीच त्याच्यासाठी झाड निवडण्याची सोय जनुकीय पद्धतींनी पहिल्यांदाच करून दिली आहे.

माणूस मागे का राहिला, हे कळायला झाडाचा स्वभाव आणि त्याचा प्रवास पाहावा लागतो. कोको हे भेंडी-कापसाच्या कुळातले झाड. मूळ घर अॅमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात, आजच्या पेरू, इक्वाडोर, कोलंबिया आणि ब्राझीलच्या सीमांच्या आसपास. तिथल्या जंगलात त्याचे इतके प्रकार आहेत, की २००८ साली जनुकीय खुणांवरून त्यांची दहा गटांत विभागणी झाली. व्यापारात चालत आलेले क्रिओलो, फोरास्टेरो, ट्रिनिटारिओ हे तीन प्रकार या विविधतेपुढे फारच तोकडे ठरले. जगात पसरली ती मात्र या संपत्तीची एक चिमूट. १८२२ साली ब्राझीलमधून प्रिन्सिपी बेटावर गेलेला कोको खालच्या अॅमेझॉनमधला, अमेलोनाडो गटातला होता. तोच पुढे फर्नांडो पो बेटावर आणि तिथून १८७९ साली तेत्तेह क्वार्शी याच्या हातून आजच्या घानात पोचला. ब्राझीलच्या बाहिया प्रांतातल्या बागाही याच गटातल्या. अमेलोनाडोचे फूल स्वतःच्याच परागाने फळू शकते, त्यामुळे पिढ्यानपिढ्या झाडे जवळजवळ सारखीच निपजली. बागायतदाराला हे सोयीचे होते, कारण एकसारख्या बिया बाजारात एकाच भावाने विकल्या जात. पण ज्या बुरशींशी झगडत अॅमेझॉनमधला कोको घडला, त्यांच्याशी या वंशाचा फारसा सामना झालेला नव्हता. आणि कोकोचे बी साठवून ठेवता येत नाही. ओल गेली की ते मरते, शीतगृहात टिकत नाही. गहू किंवा भाताचे वाण पाकिटात भरून ठेवता येतात तसे इथे चालत नाही, प्रत्येक वाण जमिनीत उभे झाड म्हणूनच जपावा लागतो. त्रिनिदादच्या आंतरराष्ट्रीय संग्रहात असे सुमारे २,४०० प्रकार आहेत आणि कोस्टा रिकातल्या तुरिआल्बा येथे दुसरा मोठा संग्रह आहे. पुढे जे काही सांगायचे आहे, ते सगळे या उभ्या झाडांच्या आधारावर आहे.

मागून पोचण्याची सर्वांत बोलकी हकीकत विचेस ब्रूम या रोगाची. मोनिलिओफ्थोरा पर्निसिओसा ही बुरशी कोवळ्या फुटीत शिरते आणि तिथले संप्रेरकांचे गणित बिघडवते. एका फांदीच्या टोकाला सुजलेल्या, वेड्यावाकड्या फुटव्यांचा झुबका येतो. काही आठवड्यांनी तो वाळून तपकिरी होतो, आणि पाऊस व उघडीप यांचे फेरे झाले की त्या वाळक्या काडीवर गुलाबी रंगाच्या इवल्या छत्र्या उगवतात. रात्रीच्या दमट हवेत त्यांतून बीजाणू उडतात. हा रोग १८९५च्या सुमारास सुरिनाममध्ये नोंदला गेला आणि १९२८ साली त्रिनिदादला पोचला. बागा हातच्या जाऊ लागल्या तेव्हा त्रिनिदादमधले वनस्पतिशास्त्रज्ञ एफ. जे. पाउंड १९३७-३८मध्ये वरच्या अॅमेझॉनमध्ये गेले. त्यांचा विचार साधा आणि अचूक होता: रोग जिथे जुना आहे तिथे झुबक्यांनी भरलेल्या झाडांच्या मधोमध एखादे निरोगी झाड उभे असेल, तर ते उचलायचे. त्यांनी आणलेल्या झाडांत स्काविना ६ आणि स्काविना १२ ही दोन होती. फळ लहान, बी लहान, बागेत लावावे असे त्यांत काही नाही. पण झुबके येत नव्हते. पुढची पन्नास वर्षे विचेस ब्रूमच्या प्रतिकाराचा विषय निघाला की स्काविनाचेच नाव निघत असे, आणि संकरामागून संकर याच एका स्रोतावर उभे राहिले. इक्वाडोरमध्ये हा प्रतिकार लवकरच ढासळला होता, तरी दुसरा पर्याय हाताशी नव्हता.

१९८९ साली विचेस ब्रूम बाहियात, उरुसुका गावाजवळ सापडला. त्या वेळी बाहिया जगातल्या मोठ्या कोको-पट्ट्यांपैकी एक होता. १९८०च्या दशकाच्या मध्याला ब्राझीलचे उत्पादन वर्षाला चार लाख टनांच्या घरात होते. शतक संपताना ते सव्वा लाखाच्या आसपास उरले. दोन लाखांच्या आसपास मजूर बेकार झाले असे मानले जाते, आणि कोकोच्या सावलीसाठी राखलेली अटलांटिक किनाऱ्यावरची जुनी झाडी अनेक ठिकाणी गुरांच्या कुरणांसाठी तुटली. सेप्लाक या सरकारी संस्थेने स्काविनापासून केलेले वाण बागायतदारांना दिले. सुरुवातीला ते टिकले, पण काही वर्षांतच त्यांच्यावरही झुबके वाढताना दिसू लागले. बुरशी बदलली होती. इथे दोष स्काविनाचा नाही, आणि ती झाडे हजार मैलांवरून आणणाऱ्यांचाही नाही. लाखो एकरांवर एकाच प्रकारचा प्रतिकार पसरला, की त्याला चुकवणाऱ्या बुरशीच्या प्रत्येक वंशाला मोकळे रान मिळते. स्काविनाच्या संकरांत डीएनएच्या खुणा शोधल्यावर पुढे हेच दिसून आले. प्रतिकाराचा मोठा वाटा नवव्या गुणसूत्रावरच्या एका जागेत होता, बाकी थोडाफार इतरत्र विखुरलेला. याच्या उलट उदाहरण पापुआ न्यू गिनीचे आहे. तिथे १९६०च्या दशकात फांद्या टोकाकडून वाळवणाऱ्या व्हॅस्क्युलर स्ट्रीक डायबॅक या रोगाने अतिनाजूक झाडे मारून टाकली आणि उरलेल्या ट्रिनिटारिओ झाडांतून निवड झाली. तो प्रतिकार अर्धवट होता, म्हणजे रोग येई पण झाड तगून राही, आणि त्यामागे अनेक जनुकांचा थोडा थोडा हातभार होता. तो दशकानुदशके टिकला. रोगकारक बदलणारच, मग निवड करून उपयोग काय, असे म्हणणाऱ्यांनी ही दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. टिकाऊपणा कशावर अवलंबून असतो याचा बऱ्यापैकी अंदाज आपल्याला आता आहे. अडचण अशी, की अनेक लहान जनुके डोळ्यांनी पाहून एका झाडात गोळा करता येत नाहीत. एक मोठे जनुक दिसते, म्हणून पैदासकार त्याच्याच मागे जातो.

जुन्या पद्धतीने पैदास करणे किती संथ आहे, हे ती हाताने करताना पाहिले की समजते. कोकोचे फूल जेमतेम दीड सेंटिमीटरचे, थेट खोडावर येणारे. उमलण्याच्या आदल्या सायंकाळी कळीवर छोटी नळी बसवून चिलटांना अडवायचे, सकाळी चिमट्याने दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. एरवी झाडावरच्या शंभर फुलांतून एक ते पाच फळे धरतात. फळ पिकायला पाच-सहा महिने. रोप फळाला यायला तीन ते पाच वर्षे. मग उत्पन्नाच्या नोंदी आणखी पाच-सहा वर्षे, त्यानंतर निवडलेल्या झाडांच्या कलमांची वेगवेगळ्या जागी चाचणी. एक फेरी पुरी व्हायला पंधरा वर्षे सहज जातात. त्यातल्या त्यात फळकुजीसाठी वेळ वाचवण्याची एक सुरेख युक्ती १९९०च्या दशकात रूढ झाली. पानाच्या दीड सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या कापून ओल्या स्पंजवर उलट्या मांडायच्या, प्रत्येकीवर फळे कुजवणाऱ्या फायटोफ्थोरा या रोगकारकाच्या बीजाणूंचे पाणी दहा मायक्रोलिटर इतकेच टाकायचे आणि आठवड्याच्या आत उमटलेला डाग शून्य ते पाच अशा श्रेणीत मोजायचा. ही चाचणी स्वस्त आहे, कुठेही होते, पण पान आणि फळ यांचा मेळ दर वेळी बसतोच असे नाही, आणि एक चकती एकाच रोगाबद्दल बोलते. डीएनएच्या खुणा इथे कामाला येतात. रोपवाटिकेतल्या दोन महिन्यांच्या रोपाच्या पानाचा तुकडा घ्यायचा, त्यातल्या हजारो जागा वाचायच्या आणि आधी मोजून ठेवलेल्या झाडांशी ताडून हे रोप पुढे कसे निघेल याचा अंदाज बांधायचा. एखादे ठळक जनुकच पकडण्याऐवजी सगळ्या जागांची बेरीज करणाऱ्या या पद्धतीला जीनोमिक निवड म्हणतात. गेल्या दहा वर्षांत कोस्टा रिका, इक्वाडोर आणि ब्राझीलमधल्या झाडांवर ती तपासली गेली आहे. अंदाज सरसकट अचूक येत नाहीत. झाडांचा नमुना लहान असला किंवा हवामान बदलले की ते घसरतात. तरीही शंभर रोपांतली सत्तर कमजोर रोपे जमिनीत लावण्याआधीच वगळता आली, तर उरलेल्या तीस रोपांवर तोच पैसा आणि तेवढीच माणसे नीट लक्ष देऊ शकतात.

वेळेची ही बचत मोठी आहेच, पण माझा भर जागेच्या प्रश्नावर आहे. मोनिलिया नावाने लॅटिन अमेरिकेत ओळखला जाणारा रोग विचेस ब्रूमच्या सख्ख्या बहिणीमुळे, मोनिलिओफ्थोरा रोरेरी या बुरशीमुळे होतो. ती फक्त फळावर हल्ला करते. फळ बाहेरून बराच काळ धडधाकट दिसते, आत बिया चिकटून गोळा झालेल्या असतात, मग तपकिरी डाग पसरतो आणि काही दिवसांत त्यावर पांढऱ्या पिठासारखा थर चढतो. एका फळावर अब्जावधी बीजाणू असतात, आणि हात लावला तरी त्यांचा धुरळा उडतो. हा रोग कोलंबिया-इक्वाडोरच्या बाजूने निघाला आणि १९५६ साली पनामात, १९७८ साली कोस्टा रिकात, २००५ साली मेक्सिकोत, २०१६ साली जमैकात पोचला. कोस्टा रिकाची कोको निर्यात त्यानंतर पाच-सहा वर्षांत जवळजवळ संपली. २०२१ साली ब्राझीलच्या पश्चिमेच्या आक्रे राज्यात तो सापडला. आफ्रिकेत आणि आशियात तो अजून नाही. बीजाणू कपड्यांवर, पोत्यांवर, बुटांच्या तळव्याला चिकटून प्रवास करतात, म्हणून तो कधीच पोचणार नाही असे कुणीही जबाबदारीने म्हणणार नाही. घानाच्या पैदासकाराने आज मोनिलियासाठी तयारी करायची तर कशी? चाचणीसाठी बुरशी देशात आणणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. ती आपोआप येईपर्यंत थांबायचे, तर बाहियाची पुनरावृत्ती होईल.

तुरिआल्बाच्या काती संस्थेत विल्बर्ट फिलिप्स-मोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोड्याचा अर्धा भाग सोडवला. शेकडो वाणांच्या फळांवर त्यांनी हाताने बीजाणू फवारले, आणि त्यांत फार थोडे वाण टिकले. यूएफ-२७३ आणि पीए-१६९ ही त्यांतली दोन महत्त्वाची नावे. त्यांच्या संकरांतून पुढे काती-आर४, काती-आर६ असे वाण बाहेर पडले. अकरा वर्षांच्या चाचणीत या दोहोंवरचा मोनिलिया दहा टक्क्यांच्या आत राहिला. तिथेच शेजारी लावलेल्या नाजूक वाणाची बहुतेक फळे मात्र गेली. त्याच काळात यूएफ-२७३च्या संततीत मोनिलियाच्या आणि फळकुजीच्या प्रतिकाराशी जोडलेल्या जागा जीनोमवर सापडल्या. कोड्याचा उरलेला अर्धा भाग या जागा सोडवतात. प्रतिकार मोजायचा कोस्टा रिकात, जिथे बुरशी आधीच आहे. डोळकाडी पाठवायची इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या विलगीकरण केंद्रातून, जिथे कोको पिकत नसल्याने धोका नाही आणि झाड सुमारे दोन वर्षे नजरेखाली राहते. मग संकर करायचा घानात किंवा केरळात, आणि कोणत्या रोपात प्रतिकाराच्या जागा उतरल्या हे पानाच्या तुकड्यावरून ओळखायचे. एकाही बीजाणूला सीमा ओलांडावी लागत नाही. चकत्यांची चाचणी, अनुभवी नजर, मोठी बाग यांपैकी कशानेही हे साधत नाही. जनुकीय पद्धतींच्या बाजूने एकच मुद्दा मांडायला सांगितला, तर मी हाच मांडेन.

यावर पहिला आक्षेप बागेतूनच येतो, आणि तो दुबळा नाही. रोगट फळे आठवड्याला तोडली, झाडांची उंची आटोक्यात ठेवली, सावली विरळ केली, वेळेवर ताम्रयुक्त फवारे मारले, तर आहे त्या झाडांवरही नुकसान खूप कमी होते. मग बुद्धी आणि पैसा जीनोमवर कशाला? पण आकडे नीट पाहिले की आक्षेपाची दुसरी बाजू दिसते. पश्चिम आफ्रिकेतला फायटोफ्थोरा मेगाकार्या जिथे जोरात आहे, तिथे एका हंगामात सहा ते आठ फवारण्या लागतात. घानाने २००१पासून सरकारी खर्चाने सामूहिक फवारणी चालवली, तरी ती सगळ्या बागांना आणि वेळच्या वेळी पुरत नाही. कोको पिकवणारी पन्नास-साठ लाख कुटुंबे बहुतांशी दोन ते पाच हेक्टरांची धनी आहेत. ज्याच्या घरात मजुरी द्यायला पैसा नाही, त्याला दर आठवड्याला प्रत्येक झाड तपासायला सांगणे सोपे आहे, ते करून घेणे शक्य नाही. निगा आणि प्रतिकार एकमेकांच्या आड येत नाहीत. अर्धवट प्रतिकार असलेल्या झाडाला आठऐवजी दोन फवारण्या पुरल्या, तर निगा राखणे आवाक्यात येते. याच आक्षेपाचे अधिक टोकदार रूप असे: खरा रोग कमी भावाचा आहे. बागायतदाराला पिकाची किंमत मिळाली तर तो स्वतःच जुनी झाडे काढून नवी लावेल. हे मला मान्य आहे, आणि चांगल्या रोपाने वाईट भाव भरून निघतो असे जे सुचवतात त्यांच्या बाजूने मी उभा राहणार नाही. मात्र भाव चढल्यावर जो लावायला निघेल, त्याच्या हातात कोणते रोप पडेल हे पंधरा वर्षे आधी ठरलेले असते.

दुसरा आक्षेप चवीचा. इक्वाडोरचा नासिओनाल कोको फुलांसारख्या सुगंधासाठी जगभर ओळखला जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आधी मोनिलिया आणि मग विचेस ब्रूम यांनी तो मोडला. पुढे १९६०च्या दशकात ओमेरो कास्त्रो यांनी नारान्हाल येथे सीसीएन-५१ हा वाण निवडला. तो भरपूर पिकतो, विचेस ब्रूम सोसतो, आणि चवीने सपाट असतो. आज इक्वाडोरच्या बागांत तोच पसरला आहे, आणि प्रतिकार म्हणजे बेचव हे समीकरण त्याच्यामुळे रूढ झाले. पण सीसीएन-५१ निवडताना चव मोजलीच गेली नव्हती. निवड उत्पन्नाची होती आणि चव वाटेत हरवली. काती-आर६च्या बियांची सुवासिकतेबद्दल वाखाणणी झाली आहे, म्हणजे दोन्ही गुण एका झाडात बसू शकतात. चव आणि प्रतिकार ठरवणाऱ्या जागा वेगवेगळ्या असतील तर त्या जोडता येतात, आणि त्या वेगळ्या आहेत की शेजारी हे डीएनएच्या नकाशावरच दिसते. माझी काळजी सीसीएन-५१च्या चवीपेक्षा त्याच्या एकटेपणाची आहे. एका झाडाच्या डोळ्यांपासून बांधलेली लाखो हेक्टरांची बाग म्हणजे बाहियाची तयारीच होय, मग तो वाण आज कितीही काटक असो.

आता जनुक कापण्याकडे. कोकोचा जीनोम लहान आहे, डीएनएच्या सुमारे ४३ कोटी अक्षरांचा, दहा जोड्या गुणसूत्रांत मावणारा. २०१० साली दोन गटांनी तो वाचला: मार्स कंपनी, अमेरिकेचे कृषी खाते आणि आयबीएम यांनी मातिना १-६ या अमेलोनाडो झाडाचा मसुदा कुणालाही वापरता येईल असा खुला केला, आणि फ्रान्सच्या सिराद संस्थेच्या नेतृत्वाखालच्या गटाने बेलीझमधल्या क्रिओलोचा जीनोम प्रसिद्ध करून त्यात २८,७९८ जनुके मोजली. त्या यादीत झाडाच्या संरक्षणाला लगाम घालणारे एनपीआर३ हे जनुक आहे. २०१८ साली पेन स्टेट विद्यापीठातल्या मार्क गिल्टिनन आणि सिएला मॅक्सिमोवा यांच्या गटाने क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राच्या साहाय्याने पानांच्या पेशींत ते जनुक बिघडवले, आणि त्या पानांवर फायटोफ्थोराचे डाग लहान राहिले. बातम्यांत याचे चॉकलेट वाचले असे मथळे झाले. प्रत्यक्षात तो तोडलेल्या पानांवरचा प्रयोग होता, आणि त्याचे मोल मार्ग दाखवण्यात होते. लगाम काढलेले झाड बागेत वीस वर्षे उभे राहिले तर त्याची वाढ खुंटते का, फळे कमी धरतात का, दुसऱ्या रोगाला ते अधिक बळी पडते का, हे पानावरून कळत नाही. त्यातच पेशीपासून आख्खे झाड वाढवणे काही वाणांत जमते, काहींत जमत नाही. आज जगात कुठेही जनुक-रूपांतरित कोकोची व्यापारी लागवड नाही. या तंत्राला सरसकट विरोध करणाऱ्यांशी मी सहमत नाही. झाडाच्याच जनुकातली दोन-चार अक्षरे बदलणे आणि परके जनुक घालणे यांत फरक आहे, आणि निसर्गातही अशी अक्षरे बदलत असतात. पण उत्साही मंडळींना एवढेच विचारावेसे वाटते, की एका जनुकाच्या बळावर उभा राहिलेला प्रतिकार स्काविनापेक्षा अधिक का टिकावा? चटकन मिळालेला एकाकी प्रतिकार संथपणे मिळालेल्या एकाकी प्रतिकाराइतकाच ठिसूळ असू शकतो. जिथे प्रतिकाराची झाडेच सापडत नाहीत, तिथे मात्र कात्री चालवण्याला खरोखर पर्याय राहत नाही.

स्वोलन शूट विषाणू ही ती जागा. घानात तो १९३६ साली ओळखला गेला. फांद्या आणि मुळे सुजतात, पानांच्या शिरा लालसर होतात, आणि जोराचा वंश असेल तर दोन-तीन वर्षांत झाड मरते. पिठ्या ढेकूण तो झाडावरून झाडावर नेतात. हा विषाणू कोकोबरोबर अमेरिकेतून आला नाही, तो आफ्रिकेतल्या रानझाडांत आधीपासून होता, आणि म्हणूनच अॅमेझॉनच्या कोकोला त्याच्याशी जुळवून घ्यायला वेळच मिळाला नव्हता. उपाय एकच होता: रोगट झाड आणि त्याच्या भोवतीची झाडे तोडणे. १९४६पासून घानात अशी २० कोटींहून अधिक झाडे तोडली गेली. फळे देणारी, वरवर निरोगी दिसणारी झाडे सरकारी माणसांनी तोडावीत हे बागायतदारांना सोसवेना, आणि १९४८च्या अक्रा दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या वॉटसन आयोगाने या मोहिमेवरचा रोष हे असंतोषाचे एक कारण म्हणून नोंदवले. १९४४ साली तिथल्या ताफो केंद्रातले ए. एफ. पोस्नेट त्रिनिदादहून पाउंडच्या झाडांची फळे घेऊन आले. त्या वरच्या अॅमेझॉनच्या वंशाने अमेलोनाडोपेक्षा चांगले सोसले, तरी पूर्ण प्रतिकार कुणातही सापडला नाही. डीएनए वाचनाने एक गोष्ट स्पष्ट केली आहे: इथे विषाणू एक नसून अनेक जातींचा समूह आहे, म्हणून एका जातीसाठी बनवलेली चाचणी दुसऱ्या जातीची लागण असलेले रोप निरोगी ठरवू शकते. या आघाडीवर जनुकशास्त्र अजून रोग ओळखण्याच्याच पायरीवर आहे, प्रतिकाराच्या नाही, आणि आढावा घेणाऱ्याने हे स्वच्छ सांगायला हवे.

संशोधनाचे यश जिथे गळून जाते ती जागा याहून साधी आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. डीएनएची ओळख पटवायला सुरुवात झाली तेव्हा जुन्या संग्रहांतल्या बऱ्याच झाडांवरच्या पाट्या चुकीच्या निघाल्या. साठ-सत्तर वर्षांत पुन्हा कलमे बांधताना काडी बदलली, पाटी हरवली, खुंटाचीच फूट वाढून वरचे कलम मेले, असे घडत गेले. ज्या झाडाला पैदासकार प्रतिकारक्षम समजून संकर करीत होता, ते कधी कधी भलतेच झाड होते. पश्चिम आफ्रिकेतल्या बीजोद्यानांतही पालकझाडे अपेक्षित वाणांची नसल्याचे आढळले आहे, आणि शेजाऱ्याच्या बागेतल्या फळातून बी काढून लावणे ही तर तिथली रूढ रीत. क्रिस्परच्या मानाने हे काम रुक्ष आहे: प्रत्येक मातृवृक्षाचे पान तपासणे, चुकीचे झाड काढणे, योग्य वाणांच्या डोळकाड्या गावागावात पोचवणे. पण पैसा मोजका असेल तर तो आधी इथे जावा असे माझे ठाम मत आहे. बागायतदाराच्या हातात खरोखर काय पडते ते इथे ठरते, आणि एका गावात एकाऐवजी वेगवेगळ्या गटांतले पाच-सहा वाण मिसळून देण्याचा निर्णयही इथेच अंमलात येऊ शकतो.

हक्काचा प्रश्नही टाळता येण्यासारखा नाही. उकायाली आणि मारान्योन या नद्यांच्या काठची झाडे गेली, त्यांचा प्रतिकार जगभर पसरला, आणि पेरू-इक्वाडोरच्या नदीकाठच्या समाजांना त्यातून फारसे काही मिळाले नाही. आज झाड न्यावे लागत नाही, डीएनएच्या अक्षरांची माला पाठवली तरी काम भागते, आणि उगम देशांचा संशय त्यामुळे आणखी वाढला आहे. लाभाचा वाटा देण्याचे नियम नीट ठरले नाहीत तर हे देश दारे बंद करतील, आणि जंगलात उरलेली, कधीच गोळा न झालेली झाडे तिथेच तुटतील. त्रिनिदाद आणि तुरिआल्बाचे संग्रह तर चार-दोन देणगीदारांच्या मर्जीवर उभे आहेत, आणि चॉकलेटच्या उलाढालीशी ताडले तर त्यांचा वार्षिक खर्च नगण्य आहे.

भारतात कोको केरळ, कर्नाटक, तमिळनाडू आणि आंध्रात, मुख्यतः नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून होतो. कोकणातल्या नारळाचा कोंब ज्याने कुजतो तोच फायटोफ्थोरा पामिव्होरा आपल्या पावसाळ्यात कोकोची फळे कुजवतो, आणि फांद्या वाळवणारा व्हॅस्क्युलर स्ट्रीक डायबॅक केरळात आहे. या दोहोंसाठी कर्नाटकातल्या विट्टल आणि केरळातल्या वेल्लानिक्कारा येथे निवडीचे काम चालत आले आहे. मोनिलिया इथे नाही. यूएफ-२७३च्या वंशाची डोळकाडी आज रेडिंगला मागितली, तर विलगीकरणाची दोन वर्षे, कलम फुलायला तीन, संकराचे रोप फळाला यायला आणखी चार, आणि मग जागोजागच्या चाचण्या, असा हिशेब धरून बागायतदाराला देण्याजोगे रोप २०४०च्या आसपास तयार होईल.